चलता हा मां, मगे बदलूचो कित्याक? जुन्या संगणकांची आणि लिनक्सची गोष्ट

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात चार संगणक आहेत. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून दिलेले, नऊ-दहा वर्षांपूर्वीचे. त्यांवर मुलं दहावी-बारावीचा निकाल बघतात, कोणी सातबारा काढतं, कोणी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतं, गणपतीत कोणी परतीचं तिकीट मिळतंय का ते बघत बसतं. २०२५च्या दिवाळीच्या सुमारास या चारही पडद्यांवर सूचना यायला लागली की विंडोज १०चा आधार संपला आहे. दुकानातून निरोप आला, या मशीनवर विंडोज ११ चढणार नाही, नवीन घ्या. समितीच्या बैठकीत एका आजोबांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "संगणक चलता हा मां? मगे बदलूचो कित्याक?"

हा प्रश्न आज कित्येक घरांत, शाळांत, पतपेढ्यांत पडलेला आहे. त्याचं एक उत्तर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी दुसरी सिस्टिम, असं आहे. ते ऐकलेले पुष्कळ आहेत, वापरलेले थोडे. ते सामान्य माणसाला खरंच जमेल का, आणि जमत असेल तर आजवर आपल्यापर्यंत का पोचलं नाही, हे समजून घेऊ.

## आधार संपला म्हणजे काय झालं?

संगणकात एका बाजूला कीबोर्ड, पडदा, डिस्क, प्रिंटर असं लोखंड-प्लास्टिक असतं. दुसऱ्या बाजूला तुमची कामाची माणसं, म्हणजे ब्राउझर, पत्र लिहायचा प्रोग्राम, फोटो दाखवणारा प्रोग्राम. या दोघांच्या मध्ये बसून कोणाला कधी काय द्यायचं ते ठरवणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज हा असा एक कारभारी आहे.

आता कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. घर कितीही भक्कम असो, दर वर्षी पावसाआधी माणूस वर चढून कौलं परततो, फुटलेली बदलतो. माकडं उड्या मारतात, वारा येतो, नारळाची झावळ पडते, कुठे ना कुठे फट राहतेच. ऑपरेटिंग सिस्टिममध्येही अशा फटी सतत सापडत असतात आणि त्यांतून चोर आत शिरू बघतात. त्या बुजवायला कंपनी दर महिन्याला अपडेट पाठवते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० जुलै २०१५मध्ये आणलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ला त्याची ही कौलं परतायची नेहमीची सेवा थांबवली. घरगुती वापराच्या संगणकांना नोंदणी केल्यास आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६पर्यंत, सुरक्षेचे अपडेट मिळायची सोय ठेवली आहे.

तेव्हा त्या तारखेला तुमचा संगणक बंद पडला नाही, पडणारही नाही. घर उभंच आहे. मात्र ती नोंदणी केली नसेल तर यापुढे फुटलेलं कौल बदलायला कोणी येणार नाही.

मग विंडोज ११ का टाकता येत नाही? कंपनीच्या अटी आहेत. मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची एक सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे २०१७च्या अखेरीस यायला लागलेला. त्याआधीचा संगणक कितीही टुकटुकीत असला तरी यादीबाहेर. या अटींमागे सुरक्षेचं कारण आहे आणि ते खोटं नाही. पण ज्या मशीनवर निकाल, अर्ज आणि पत्रं व्यवस्थित होत होती, ती एका तारखेनंतर भंगारात काढायची, हे मला पटत नाही.

## लिनक्स म्हणजे काय, हे आंब्याकडून

आपल्याकडे हे समजावणं सोपं आहे, कारण आपण कलमं बांधणारी माणसं.

हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल याची खात्री नसते. म्हणून रायवळ आंब्याच्या कोयीचं रोप घ्यायचं, तो झाला खुंट, आणि त्यावर चांगल्या हापूसची काडी बांधायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोय कलमाची पद्धत कोकणभर रुजवली, आणि आज ती नर्सरीवाल्यापासून घरच्या माणसापर्यंत कोणीही वापरतं. ती वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

लिनक्स हा असा खुंट आहे. १९९१मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या मुलाने तो लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. तांत्रिक भाषेत या खुंटाला कर्नल म्हणतात. तो जमिनीलगत राहून मुळांचं काम करतो, दिसत नाही. त्यावर वेगवेगळ्या मंडळींनी आपापल्या काड्या बांधल्या: उबुंटू, मिंट, डेबियन, सी-डॅक या आपल्या सरकारी संगणक संस्थेचं बॉस. खुंट आणि काडी मिळून तयार झालेल्या अशा कलमाला डिस्ट्रो म्हणतात. एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

ओपन सोर्स म्हणजे प्रोग्रामची मूळ पाककृती उघडी असणं. विंडोज विकत घेता तेव्हा तुम्हाला आंब्याची पेटी मिळते, बागेत पाऊल टाकता येत नाही. लिनक्समध्ये बाग उघडी आहे. काडी न्या, आपल्या दारात बांधा, हवी तर सुधारा. अट एवढीच की सुधारलेलं कलम दुसऱ्याला दिलंत, तर त्याने काडी मागितल्यावर नाही म्हणायचं नाही. ही अट रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९मध्ये जीपीएल नावाच्या परवान्यात लिहून ठेवली. १९८३पासून ते खुल्या सॉफ्टवेअरची चळवळ चालवत होते. टोरवाल्ड्सने १९९२मध्ये आपला खुंट याच परवान्याखाली आणला. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा शोध ही अट आहे. यंत्राचा नव्हे, वागणुकीचा शोध. तिच्यामुळे कोणालाही ती बाग कुंपण घालून आपली म्हणता आली नाही.

## हे तर तुमच्या खिशात आहे

लिनक्स सामान्य माणसापर्यंत पोचेल का, असं विचारणाऱ्याने आपला फोन बाहेर काढावा. तो अँड्रॉइड असेल तर त्याचा खुंट लिनक्सच आहे. मालवणच्या बंदरात तांडेल होडी लोटण्याआधी फोनवर वाऱ्याचा अंदाज बघतो, तेव्हा तो लिनक्स वापरत असतो. तो अंदाज ज्या दूरच्या संगणकांवरून येतो, त्यांतल्याही बहुतेकांवर लिनक्स असतं. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी दर सहा महिन्यांनी निघते. नोव्हेंबर २०१७पासून त्या यादीतला एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो आहे.

म्हणजे खिशात आहे, महासंगणकात आहे. नाही ते फक्त टेबलावरच्या संगणकावर. जगभरात डेस्कटॉपवर त्याचा वाटा अजून अगदी थोडा आहे. असं का, याचा विचार करताना मला चार गोष्टी आठवतात.

पहिली २००७ची. आसुस कंपनीने ई पीसी नावाचा चिमुकला, स्वस्त लॅपटॉप आणला, आत लिनक्स घालून. लोकांनी तो उचललाही. पण ओळखीचे प्रोग्राम त्यावर मिळेनात, आणि थोड्याच काळात त्या जातीच्या लॅपटॉपवर विंडोज एक्सपी येऊन बसलं.

दुसरी आपली. २०१७मध्ये जिओफोन आला, पंधराशे रुपयांच्या अनामतीवर. त्यात कायओएस नावाची सिस्टिम होती, तिचाही खुंट लिनक्स. आमच्या वाडीत घरोघरी तो फोन होता. आतली सिस्टिम कोणती, हे एकानेही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "यात व्हॉट्सॲप चालतं का?" पुढच्या वर्षी व्हॉट्सॲप आलं आणि प्रश्न मिटला.

तिसरी केरळची. तिथल्या सरकारी शाळांत 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पातून, आणि आता 'काईट' या सरकारी संस्थेमार्फत, संगणकाचं शिक्षण लिनक्सवर दिलं जातं. त्यांनी नुसत्या सीडी वाटल्या नाहीत. शिक्षकांना शिकवलं, पाठ्यपुस्तकं त्याच प्रोग्रामवर लिहिली, मल्याळमची सोय केली. तिथल्या मुलांना लिनक्स म्हणजे काही विशेष वाटत नाही, ती संगणक शिकतात एवढंच.

चौथी जर्मनीतल्या म्युनिकची. त्या शहराच्या नगरपालिकेने कित्येक वर्षं खपून सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आणले. मग २०१७मध्ये नगरसभेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं. सत्तेवरची माणसं बदलली, बाकीची सरकारी खाती विंडोजवरच राहिली, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी साचल्या.

चारही गोष्टींत लिनक्सचा दर्जा हा अडथळा नव्हता. माणूस ऑपरेटिंग सिस्टिम निवडतच नाही. तो काम निवडतो, आणि ते काम अडलं तर कोणाकडे जायचं हे बघतो. अँड्रॉइड पोचलं ते फोनच्या खोक्यातून आलं म्हणून, आणि त्यावर लोकांचं काम होत होतं म्हणून. केरळात ते टिकलं, कारण अडल्यावर हाक मारायला शिक्षक होते.

## "फुकट आहे ना? मग हलकंच असणार"

आपल्याकडे या शंकेला एक वेगळीच बाजू आहे. बहुतेकांना विंडोजही फुकटच वाटतं! दुकानात फॉरमॅट मारायला चार-पाचशे रुपये द्यायचे की विंडोज मिळतं, ऑफिस मिळतं, सगळं मिळतं. ती बहुधा चोरीची प्रत असते, आणि तिचं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रामबरोबर काय काय आत येतं ते कोणी बघत नाही. त्यामुळे लिनक्स फुकट आहे या मुद्द्याला आपल्याकडे वजनच राहत नाही. मी तो मुद्दा मांडायचं सोडलं आहे. मी सांगतो की हे राजरोस तुमचं आहे, आणि याची कौलं परतायला माणूस येत राहतो. लिनक्स मिंटच्या बाविसाव्या आवृत्तीला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

आणि ते फुकट असलं तरी लिहिणारे उपाशी नाहीत. कर्नलवर काम करणाऱ्यांपैकी पुष्कळजण इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. कंपन्यांचा धंदा त्या खुंटावर उभा आहे, म्हणून त्या खतपाणी घालतात. रेड हॅट ही लिनक्सची सेवा विकणारी कंपनी आयबीएमने २०१९मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरना घेतली.

## "पाककृती उघडी, म्हणजे चोरालाही दिसणार"

दिसते. पण राखणदारांनाही दिसते, आणि ते जास्त आहेत. तरी सगळं सुरक्षितच असतं असं मी म्हणणार नाही. २०२४च्या मार्चमध्ये घडलेली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एक्सझेड नावाचा एक छोटासा प्रोग्राम असंख्य लिनक्स यंत्रांत असतो. एका इसमाने दोन-एक वर्षं गोड वागून, मदत करून, तो एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाचा विश्वास मिळवला आणि शेवटी आत चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरच्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला खटकलं होतं. तो खोदत गेला आणि चोरी उघडी पडली. बहुतेकांच्या यंत्रांपर्यंत ती पोचलीच नव्हती.

यातून दोन्ही दिसतं. एकट्या थकलेल्या माणसावर अख्ख्या जगाचा भार टाकलेला असतो, ही या बागेची खरी दुखरी जागा. आणि कुंपण नसल्यामुळे वाटेने जाणाऱ्यालाही कीड दिसू शकते, हे तिचं बळ. फ्रॉइंड स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहे, हे मला विशेष वाटतं.

## "मराठीचं काय?"

वाचनालयात सर्वांत आधी हाच प्रश्न आला, आणि इथे नीट थांबायला हवं.

पूर्वी मराठी टाइप करायचं म्हणजे ठरावीक फाँट लागायचा. आत खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असायची, वरून त्यांना मराठी मुखवटा. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की सगळा कचरा दिसायचा. युनिकोड या जगभर एकच असलेल्या अक्षरसंकेताने हे संपवलं. त्यात 'ळ' हे अक्षर जगात कुठेही 'ळ'च राहतं. आजच्या लिनक्समध्ये युनिकोड पुरतं मुरलेलं आहे. सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड निवडला की सरकारी परीक्षांत चालतो तो इनस्क्रिप्ट सुरू होतो. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय आहे, त्यांच्यासाठी आयबस नावाचा जोडप्रोग्राम टाकावा लागतो. मला त्यासाठी एक संध्याकाळ लागली, पण ती एकदाच. फाँटही खुले आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या संस्थेने केलेला 'मुक्त' मला फार आवडतो. लहान अक्षरातही त्याचा 'श' आणि 'ल' स्वच्छ दिसतो.

पण अडचणी आहेत, आणि त्या आधीच सांगायला हव्यात. सरकारी पत्रं पुष्कळदा मंगल फाँटमध्ये येतात. तो मायक्रोसॉफ्टचा, लिनक्समध्ये नसतो. त्याजागी दुसरा फाँट बसतो आणि एका पानाचं पत्र दीड पानाचं होतं. छपाईवाल्यांचं दुखणं मोठं. लग्नपत्रिका, नवरात्राचे फलक करणाऱ्यांचं वीस-वीस वर्षांचं काम जुन्या फाँटांत आणि कोरलड्रॉ या विंडोजवरच्या मांडणीच्या प्रोग्राममध्ये अडकलेलं आहे. त्यांना मी लिनक्सवर या असं म्हणणार नाही.

## "माझं काम त्यावर होईल का?"

तुमचं काम ब्राउझरमध्ये होत असेल तर होईल. सातबारा, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, शिष्यवृत्ती, बँकेचं खातं, यूट्यूबवरचे धडे, हे सगळं आता फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये उघडतं आणि खाली कोणता कारभारी बसला आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पंधरा वर्षांपूर्वी असं नव्हतं. लिनक्सला आज खरी संधी आहे ती या बदलामुळे. लिनक्स स्वतः तेवढं बदललं नाही, जेवढं आपलं काम बदललं. पत्र, हिशेबाचा तक्ता यांसाठी लिबरऑफिस आहे.

तुमचं काम टॅलीवर असेल तर थांबा, टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. सेवा केंद्रात आधारसाठी बोटांचे ठसे घेणारं यंत्र असेल तर थांबा, कारण ती व्यवस्था मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड धरून उभी केलेली आहे. डिजिटल स्वाक्षरीचं टोकन वापरत असाल, तर आधी विचारून घ्या. प्रिंटरचंही तेच. काही कंपन्या लिनक्ससाठी नीट सोय देतात, काही देत नाहीत. आमचा प्रिंटर दुसऱ्या गटातला निघाला. तीन संध्याकाळी मी त्याच्याशी झटलो. अर्ध्या पानावर तो थांबायचा. आता तो चौथ्या संगणकाला जोडला आहे, आणि तो चौथा विंडोजवरच ठेवला आहे.

## "बिघडलं तर कोण बघणार?"

बाकी शंकांना मी पुस्तकातून उत्तर दिलं असतं. या शंकेला तसं देता येत नाही.

तालुक्याच्या दुकानातला मुलगा विंडोज दहा मिनिटांत ओळखतो, कारण त्याने ते हजार वेळा केलेलं आहे. लिनक्स त्याने पाहिलेलं नसतं, म्हणून तो "नको" म्हणतो. गिऱ्हाइकाने पाहिलेलं नसतं, म्हणून ते मागत नाही. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून तो शिकत नाही. हा फेरा सरकारी धोरणाने तुटलेला मी पाहिला नाही. केंद्र सरकारने २०१५मध्येच खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. ते आमच्या गावापर्यंत कोणा माणसाच्या रूपात आलं नाही. कलम बांधायची विद्या कोकणात पसरली ती नुसत्या पत्रकांनी नव्हे. कोणीतरी चाकू हातात देऊन, तिरका छेद कसा घ्यायचा ते दाखवलं म्हणून पसरली.

आमच्याकडे तीन संगणकांवर मिंट टाकलं तेव्हा मी बारावीच्या दोन मुलींना शेजारी बसवलं. आधी जुन्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली, ही पायरी चुकवायची नाही. मग आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट उतरवून घेतलं. फाइल तीन जीबीच्या आसपासची, आमच्या नेटवर ती रात्रभर उतरत होती आणि मध्ये दोनदा वीज गेली. त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की डिस्कवरचं काहीही न पुसता लिनक्स वापरून बघता येतं. वायफाय चालतंय का, आवाज येतोय का, मराठी उमटतंय का ते बघून घ्यायचं आणि मगच टाकायचं. दोन जीबी रॅमवर ते चालतं, चार असेल तर बरं. आम्ही जुन्या डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या जातीच्या जलद डिस्कही बसवल्या. संगणक तरतरीत झाल्याचं निम्मं श्रेय त्या एसएसडीचं आहे, ते लिनक्सला देणं बरोबर नाही.

तिसरा संगणक त्या दोघींनी एकट्यांनी केला. मी फक्त खुर्चीत बसून होतो. त्यांच्यातली एक आता सावंतवाडीला शिकते, आणि सुट्टीत आली की आधी अपडेट करून देते.

तो पेन ड्राइव्ह वाचनालयाच्या कपाटात, संदर्भग्रंथांच्या खालच्या कप्प्यात असतो. पुस्तकासारखीच नोंदवहीत सही करून कोणालाही घरी नेता येतो. सात दिवसांची मुदत लिहिली आहे. पण परत आला नाही तरी दंड लावत नाही, रात्रभरात दुसरा करून ठेवतो.